पोरगं अंगावर पिताना चावायलंय? मग हे वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. बाळ खरंच दूध ओढत असतं तेव्हा त्याला चावता येत नाही. पिताना त्याची जीभ पुढं येऊन खालच्या हिरडीवर पसरलेली असते, म्हणजे खालचे दात जिभेखाली झाकलेले, आणि निपल पार आत टाळूच्या मऊ भागाजवळ गेलेलं असतं. चावायचं तर जीभ मागं घ्यायला लागते आणि जीभ मागं गेली की ओढणं बंद. दोन्ही एकदम होत नाही. म्हणजे चावलं याचा अर्थ त्या क्षणाला ते पीत नव्हतं, एकतर पोट भरलेलं, नाहीतर झोप लागायलेली, नाहीतर दूध अजून उतरलं नाही म्हणून वैतागलेलं, नाहीतर हिरड्या शिवशिवत होत्या आणि दाबायला मऊ काहीतरी आयतं तोंडात होतं. तुम्हाला त्रास द्यायचा म्हणून सहा-आठ महिन्यांचं पोर काही करत नाही, तेवढी अक्कल त्याला यायला वेळ आहे. तर दातांकडं बघत बसू नका, घोटांकडं लक्ष द्या.

घोट म्हणजे काय तर, सुरुवातीला बाळ भराभर छोटं छोटं चोखतं, मग पान्हा सुटला की चाल बदलते, मोठं ओढणं आणि गिळल्याचा हलका आवाज, हनुवटी खालपर्यंत हलते. हे चालू आहे तोवर निवांत बसा. थोड्या वेळानं गिळणं कमी होतं, नुसतं ओठांनी लुटुलुटू चाललेलं असतं, मग थांबतं, मग इकडं तिकडं बघतं, गालात हसतं, डोकं मागं सरकवून निपलच्या टोकाला येऊन लोंबकळतं, आणि जबडा जरा ताठ होतो. हा जबडा ताठ झालेला एकदा ओळखू आला ना की निम्मं काम झालं. तिथंच, चावायच्या आधी, करंगळी घालून सोडवून घ्यायचं. बऱ्याच बायका हातात मोबाईल घेऊन पाजतात (मी पण घ्यायचे, खोटं कशाला बोलू), पण दात यायच्या ह्या दिवसांत तरी मोबाईल बाजूला, कारण हे दोन-तीन सेकंदांचं काम असतं आणि रील बघता बघता ते हमखास चुकतं.

आता चावलंच तर. तुमचा हात आपोआप बाळाला ओढून बाजूला करायला जाणार, ते करायचं नाही. दात रुतलेले असताना ओढलं की चावण्यानं झालं नसतं एवढं ओढण्यानं फाटतं, बऱ्याच जखमा ह्याच्यामुळंच होतात. करंगळी, नखं कापलेली आणि हात धुतलेले पाहिजेत, बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, पार दोन्ही हिरड्यांच्या मधे, आणि निपल पूर्ण बाहेर येईपर्यंत बोट तिथंच ठेवायचं. म्हणजे परत दाबलं तर बोटावर. बोट घालायला जागाच मिळत नसेल इतकं घट्ट धरलं असेल तर उलटं करायचं, बाळाला लांब न ढकलता अजून जवळ घ्यायचं, छातीशी. नाकाला क्षणभर आड आलं की ते श्वास घ्यायला आपसूक तोंड उघडतं. क्षणभरच हं, दाबून धरायचं नाही, तोंड उघडलं की लगेच सोडायचं.

आणि ओरडायचं नाही. सांगायला सोपं आहे मला माहितीय, कळ मस्तकात जाते तेव्हा तोंडातनं आपोआप किंकाळी निघते आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पण जमेल तेवढं आवरा, त्याला कारण आहे. ओरडण्याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही वाईट. काही पोरांना ती गंमत वाटते, आई एकदम उडाली, मोठा आवाज आला, परत करून बघूया. आणि काही पोरं इतकी दचकतात की नंतर छातीला तोंडच लावत नाहीत, जवळ घेतलं की पाठ ताणून रडतात. घरचे लगेच म्हणतात बघा सोडलं त्यानं आपणहून. सोडलेलं नसतं, रुसलेलं असतं. वर्षाच्या आतलं पोर असं एका दिवसात आपणहून दूध सोडत नाही. असं झालं तर जबरदस्ती करायची नाही, अर्धवट झोपेत असताना, अंधाऱ्या शांत खोलीत, उघड्या अंगाला अंग लावून घ्यायचं आणि हवं तर पी म्हणून सोडून द्यायचं. तोवर दूध हातानं किंवा पंपानं काढत राहायचं, नाहीतर छाती साकळते आणि दूधही कमी होतं, आणि काढलेलं वाटी-चमच्यानं किंवा घरात बोंडलं असेल तर त्यानं पाजायचं. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. मात्र शू कमी झाली, बाळ मलूल वाटलं तर चार दिवस वाट बघत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

मग चावल्यावर करायचं काय, तर चेहरा साधा ठेवायचा, "चावायचं नाही हं" एवढंच एका आवाजात म्हणायचं, दूध बंद, कपडे नीट, बाळाला बाजूला सुरक्षित ठेवायचं आणि हातात चावायची वस्तू द्यायची. मिनिटभर. परत मागितलं आणि भूक दिसत असेल तर परत घ्यायचं. ही शिक्षा नाही, एवढ्याशा जिवाला शिक्षा कळत पण नाही, पण चावलं की दूध जातं हे मात्र कळतं, आणि दरवेळी तसंच झालं की लवकर कळतं. एकदा हसायचं, एकदा रागवायचं, एकदा तसंच पाजत राहायचं असं केलं तर त्याचा गोंधळ होणार. गालावर टिचकी मारायची, उलट चावून दाखवायचं, निपलला कोरफड नाहीतर कडुनिंब लावायचा, हे सल्ले आपल्याकडं फुकट मिळतात. ऐकून घ्या आणि सोडून द्या.

पाजायची पद्धत पण जरा बघून घ्या, कारण बाळ मोठं झालं, अंगानं भरलं तरी आपण त्याला दोन महिन्यांच्या बाळासारखंच धरत असतो. नुसतं टोक तोंडात असेल तर ते सरळ दातांखाली येतं. तोंड मोठं उघडू द्यायचं, जांभई देताना उघडतं तसं, मग जवळ घ्यायचं, निपलच्या भोवतीचा काळा भाग पण आत गेला पाहिजे, हनुवटी छातीत रुतलेली आणि नाक मोकळं. पोट आईच्या पोटाला, मान वळलेली नको. वरचे दात आले की अजून एक फरक पडतो. आपल्याकडं म्हणतात की वरचे दात आधी आले तर मामाला वाईट. मामाला काही होत नाही, त्रास व्हायचा तो आईलाच होतो, कारण खालच्या दातांसारखे वरचे दात जिभेनं झाकले जात नाहीत, ते छातीवर टेकतात आणि पिऊन झालं की दोन बारीक वळ दिसतात. हे चावणं नव्हे. डोकं किंचित मागं झुकेल असं धरलं, हनुवटी आधी लावली की दाब कमी होतो, आणि दोन फीडला जागा बदलली, एकदा मांडीवर एकदा कुशीवर, की एकाच जागी रोज घासत नाही.

बाळ झोपताना चावत असेल, म्हणजे तोंडात ठेवूनच झोपतं आणि झोपेत जबडा आवळतो, तर घोट संपले की झोप लागायच्या आधीच बोट घालून काढून घ्यायचं. रडेल एक-दोन दिवस, खांद्यावर घ्या, थोपटा.

हिरड्यांचं आता. पाजायच्या आधी पाच-दहा मिनिटं हिरड्यांना काहीतरी गार आणि कडकसर मिळालं की छातीवर आल्यावर दाबायची खाज कमी होते, हा क्रम महत्त्वाचा, आधी चावणं मग पिणं. सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे स्वच्छ सुती रुमाल उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळून फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीजरमध्ये नाही, बर्फासारखं कडक झालेलं हिरड्यांना इजा करतं. नाहीतर धुतलेल्या बोटानं हिरडी हळूहळू दाबून चोळायची. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर टीदर (बाळानं चावायचं खेळणं) ढिगानं मिळतात, घेताना एकसंध रबराचा नाहीतर सिलिकॉनचा घ्या, आत पाणी भरलेला नको, दात आल्यावर तो फुटतो. रंगवलेलं लाकडी चोखणं असेल तर रंगाचे पोपडे निघत नाहीत ना बघा. सहा महिने पूर्ण झाले असतील आणि वरचं खाणं सुरू असेल तर गार केलेलं केळं किंवा काकडी जाळीच्या फीडरमध्ये घालून देता येते, नुसती काकडीची किंवा गाजराची फोड हातात देऊ नका, दोन दातांनी पण तुकडा निघतो आणि घशात अडकतो.

खारकेचं तेच. आज्जी लोकांचा आवडता उपाय, खारीक दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायची आणि पोर चावत बसतं. लाळेनं खारीक मऊ होते, तुकडे सुटतात, आणि गळ्यातला दोरा ही वेगळीच भीती. गळ्यात काही बांधायचं नाही, ते बाहेरून आलेल्या अंबर मण्यांच्या माळा पण नाहीत.

आणि टाकणखार मधात कालवून हिरड्यांना चोळतात ना, ते तर अजिबातच नको. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, पोटात गेला की बाळाला विषबाधा होऊ शकते. आणि मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, कितीही शुद्ध, कितीही गावाकडचा असला तरी, त्यात बोट्युलिझम नावाच्या आजाराचे जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढतात. मेडिकलमध्ये मिळणारी बधिर करायची जेल पण नको. बेंझोकेन असलेली जेल २ वर्षांच्या आतल्या मुलांना लावू नका असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, क्वचित पण रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद त्यानं कमी होते, आणि शिवाय पाजायच्या आधी लावली तर बाळाची जीभ बधिर, मग नीट धरता येत नाही, आणि आपलं निपलसुद्धा बधिर. दातांच्या होमिओपॅथीच्या गोळ्या निरुपद्रवी असतात असं सगळे म्हणतात, पण २०१७ मध्ये त्याच प्रशासनाला तपासणीत काही गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण कमीजास्त सापडलं होतं, बेलाडोना विषारी वनस्पती आहे. मी तरी देणार नाही. फारच किरकिर असेल, रात्रभर झोप नसेल तर डॉक्टरला विचारून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि एक लक्षात ठेवा की ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, शेजारणीच्या पोराला जेवढे मिली सांगितले तेवढे आपल्याला लागू होत नाहीत.

कधी कधी कारण दात नसतातच. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर बाळ श्वास घ्यायला धडपडतं, सुटू नये म्हणून हिरडीनं आवळून धरतं. पाजायच्या आधी नाकात सलाईनचे थेंब टाका, जरा उभं धरून पाजा. दूध फार जोरात येत असेल तरी धार थांबवायला काही बाळं आवळतात, त्यांना जरा मागं रेलून पाजलं की बरं पडतं. आणि उलट, दूध कमी उतरत असेल तर वैतागून चावतात. पाळी परत सुरू झाली की त्या चार दिवसांत असं होतं, नवीन दिवस राहिले असतील तर होतं, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या तरी दूध कमी होऊ शकतं, म्हणून गोळ्या घेताना "मी पाजते" हे डॉक्टरला आधी सांगा. बाटली देत असाल तर तिचं पण बघा, रबरी बूच चावत बसायची सवय लागलेली पोरं तेच इकडं करतात. वाटी-चमचा बरा. तांबडा रस्सा खाल्लास म्हणून पोर चावलं असं कोणी म्हणालं तर हसा फक्त, रश्श्याचा आणि दातांचा काही संबंध नाही.

जखम झाली तर साध्या पाण्यानं धुवायची, साबण आणि डेटॉल नको. स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यायचे, वर शुद्ध लॅनोलिनचं मलम लावायचं, ते पुसून काढायची गरज नसते. पाजायला सुरुवात बऱ्या बाजूनं करायची, पहिल्या भुकेचा जोर तिकडं जातो. अगदीच सहन होत नसेल तर दुखऱ्या बाजूला एखाद-दोन दिवस विश्रांती द्या, पण त्या बाजूचं दूध काढायचंच, तसंच ठेवलं की साकळून गाठ धरते. काढलेलं दूध २५ डिग्रीपर्यंत बाहेर ४ तास टिकतं, फ्रीजमध्ये ४ दिवस, पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारी घरात २५ कुठलं, तेव्हा सरळ फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दरवाज्यात नको. थोडं रक्त दुधाबरोबर बाळाच्या पोटात गेलं तरी घाबरू नका, त्यानं काही होत नाही. दुखण्यावर आईनं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेतलं तरी पाजायला चालतं, ॲसिडिटी-अल्सरचा त्रास असेल तर मात्र आयबुप्रोफेन विचारून.

छातीचा एखादा भाग लाल, कडक, गरम झाला आणि तुम्हाला थंडी वाजून ताप आला तर ती साधी जखम राहिलेली नाही, त्याच दिवशी दाखवा, सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) जा नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडं. आणि पाजणं थांबवू नका, दूध निघत राहणं हाच त्यावरचा अर्धा उपचार आहे. जखम भरत नाही, आग आग होते, पाजून झाल्यावर पण सुया टोचल्यासारखं होतं आणि बाळाच्या गालात पांढरे न निघणारे डाग असतील तर बुरशी असू शकते, मग औषध दोघांनाही एकदमच घ्यायला लागतं.

बाळाच्या तापाचं पण सांगते, कारण दातांच्या नावाखाली सगळं खपवतात. दातांनी लाळ गळते, लाळेरं दिवसातून चार वेळा बदलायला लागतं, हनुवटीला पुरळ येतं, किरकिर होते, अंग जरा कोमट लागतं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्यावर ताप, पाण्यासारखे जुलाब, उलट्या, हे दातांमुळं होत नाही. सहा महिन्यांच्या आसपास आईकडनं मिळालेली प्रतिकारशक्ती कमी होत जाते आणि पोर रांगत दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून त्याच दिवसांत आजारही होतात, एवढाच संबंध. "दाताचे जुलाब आहेत, होतील बरे" म्हणून बसू नका, ओआरएस सुरू करा, अंगावर पाजत राहा, डॉक्टर गाठा.

आता घरच्यांचं. "दात आले, आता सोडव की गं, वरचं दूध सुरू कर, गंगावेशीत कट्ट्यावर ताजं म्हशीचं मिळतंय." कोल्हापुरात म्हशीच्या दुधाविरुद्ध बोलणं म्हणजे धाडसच आहे, पण वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या जागी ते नको, त्यात लोह कमी असतं आणि एवढ्या लहान पोटाला ते जड. जागतिक आरोग्य संघटना सांगते पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या खाण्याबरोबर २ वर्षं किंवा त्याहून जास्त. दुधाचे दात एकूण २०, आणि ते अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात. म्हणजे सांगितलेल्या वेळापर्यंत पाजलं तर तोंडात बहुतेक सगळे दात असणारच. सासूबाईंना हे भांडून सांगायची गरज नाही, डॉक्टरकडं जाताना बरोबर न्या आणि त्यांच्याच तोंडून ऐकवा. तुम्हाला स्वतःलाच सोडवायचं असेल तर ती वेगळी गोष्ट, तो तुमचा निर्णय, पण हळूहळू, एकेक फीड कमी करत. रागाच्या भरात एका रात्रीत तोडलं की छाती भरून दगड होते.

बाहेर असताना ओढणीखाली पाजलं की बाळाचं तोंड दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते इकडं तिकडं बघायला डोकं फिरवतं, निपल तोंडात धरूनच. रंकाळ्यावर, केएमटी बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये हेच होतं. एकतर ओढणी अशी घ्या की वरून तुम्हाला जबडा दिसेल, नाहीतर पूर्ण वेळ एक बोट बाळाच्या गालाजवळ तयार ठेवा. सात-आठ महिन्यांच्या पोरांना गर्दीत नीट पिताच येत नाही, कोपरा बघून भिंतीकडं तोंड करून बसलेलं बरं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांची पोरं संध्याकाळी आई आली की आधी पितात कमी आणि खेळतात जास्त, तेव्हा जरा दहा मिनिटं नुसतं मांडीवर घ्या मग पाजा. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन ब्रेक कायद्यानं मिळतात हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं, आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय पण पाहिजे.

पहिला दात आला की सकाळी आणि रात्री मऊ ब्रशनं, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून घासायचा, हे पाजण्याशी थेट संबंधित नाही पण रात्री पिणाऱ्या पोरांना उपयोगी आहे.

चावण्याचा त्रास साधारण प्रत्येक दाताच्या वेळी थोडे दिवस होतो आणि जातो, दात हिरडीतून वर आला की बहुतेक पोरं आपली आपण शांत होतात. दाढा वर्षानंतर येतात, तेव्हा परत एकदा चालू होतं, फक्त तेव्हा पोर बोललेलं समजायला लागलेलं असतं, म्हणून पाजायच्या आधीच सांगायचं "आ मोठा कर, दात लावायचे नाहीत", आणि नीट प्यायलं की लगेच शाबासकी. तोंड बंद करून नुसतं लोंबकळत बसलं की "झालं का" विचारायचं, बरीचशी पोरं मान हलवून सोडतात.